काडीवरचे डोळे

श्रोतेहो, नमस्कार.

१९८८ सालची गोष्ट. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात फळछाटणी चालू होती. माझा धाकटा भाऊ काम अर्धवट टाकून बागेतून घरी आला आणि मला म्हणाला, "अक्का, तारा माझ्याबद्दल बोलाय लागल्यात." द्राक्षाचा वेल ज्या मांडवावर चढवतात, त्या मांडवाच्या तारा. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कबड्डीत चपळ, हिशेबात पक्का.

मी त्याच वर्षी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले होते. वर्गात मेंडेलचे वाटाणे शिकवायचे. उंच वेल, बुटका वेल, तीनास एक, सगळं एका जनुकावर ठरणारं. आणि घरी आल्यावर सोप्यात देवरुषी बसलेला असायचा. अंगारे झाले, उतारे झाले, अमावस्येच्या खेपा झाल्या. असे आठ महिने गेल्यावर आम्ही मिरजेच्या डॉक्टरांकडे पोहोचलो आणि आजाराला नाव मिळालं : स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता.

त्यानंतर घरी येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा. "पोराच्या आजोळी कुणाला होतं का असलं?" वडिलांच्या बाजूचं कुणी विचारलं नाही. आईचे एक चुलते तरुणपणी घर सोडून गेले होते, एवढं निमित्त पुरलं. आईनं माहेरच्या लग्नांना जाणं बंद केलं. मला आलेली चार स्थळं भावाचं कळल्यावर परत गेली. आज मी बोलायला बसले आहे ती त्या प्रश्नासाठी. त्या प्रश्नावर जगभर खूप काम झालं आहे आणि ते आपल्या घरांपर्यंत यायला हवं.

आईला दोष देणं ही आपल्याच गावाची खोड होती असं समजू नका. अमेरिकेत १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' असा शब्दच वापरात आणला. मायेला थंड आणि हुकमत गाजवणारी आई मुलाचं मन फोडते, असं कैक वर्षं शिकवलं गेलं. किती आयांनी ते ऐकून घेतलं असेल! मग १९६६ साली लिओनार्ड हेस्टन यांनी एक साधी तपासणी केली. आईला स्किझोफ्रेनिया होता, पण जन्मानंतर लगेच तिच्यापासून दूर जाऊन दुसरीकडे वाढली, अशी ४७ मुलं त्यांनी मोठेपणी शोधून काढली. त्यांच्यापैकी पाच जणांना हा आजार झालेला होता. तशीच दूर वाढलेली, पण आई निरोगी असलेली ५० मुलं पाहिली, तर त्यांच्यात एकालाही नव्हता. म्हणजे आईच्या वागणुकीला, तिच्या रागावण्याला किंवा लाडाला बोल लावता येत नाही. आजाराकडे झुकण्याचा कल रक्तातून येतो.

इथं काही श्रोते मनात म्हणतील, मग लोक खरंच बोलत होते की, घराण्यातच होतं! थोडं थांबा. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात. त्यांच्यापैकी एकाला आजार झाला तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण एक तृतीयांश ते निम्मं निघालं आहे. सगळं जनुकांतच ठरलं असतं तर ते शंभर टक्के निघालं असतं. कुणालाही आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. सख्ख्या भावंडाला शंभरात साधारण नऊ. भाच्या-पुतण्यांना त्याहून बरीच कमी, तीन-चारच्या घरात. म्हणजे माझ्या पोटी येणारी शंभरातली शहाण्णव मुलं या आजारापासून लांबच राहिली असती. त्या चार स्थळांपैकी एकालाही हे सांगायला कुणी नव्हतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि मी जीवशास्त्राची शिक्षिका होते.

शास्त्रज्ञसुद्धा बराच काळ वाटाण्यासारखं एकच जनुक शोधत राहिले. तसं ते नाही. २०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. ७६,७५५ रुग्ण आणि त्यांच्या तिप्पट निरोगी माणसं तपासल्यावर जनुकसंचात २८७ जागा अशा सापडल्या, जिथला बारीकसा फरक धोका किंचित वाढवतो. एकेका जागेचा वाटा नगण्य. तसले थोडेफार फरक तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, नावं ठेवणाऱ्या शेजाऱ्यांतही आहेत. काही मोजक्या माणसांत मात्र मोठा बदल असतो. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतःच गळालेला असेल, तर चारातल्या एकाला पुढे असा आजार होतो. पण असे रुग्ण फार थोडे. म्हणून रक्त तपासून 'या मुलाला होणार, याला नाही' असं आजही सांगता येत नाही. कुणी पैसे घेऊन तसं छातीठोक सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. आणखी एक सांगते : या अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची आहेत, काही पूर्व आशियातली. आपल्या लोकांचे नमुने फारच कमी आहेत, आणि ते वाढले पाहिजेत असं मला कळकळीनं वाटतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. द्राक्षबागायतदारांना तो माझ्यापेक्षा चांगला कळेल. आपण वर्षातून दोनदा छाटणी घेतो, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. काडीवर किती डोळे, म्हणजे फूट येण्याच्या जागा, राखायचे, हे हिशेबानं ठरतं. मेंदूतही छाटणी होते. लहान मुलाच्या मेंदूत पेशी-पेशींमधले सांधे गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात. पुढे, विशेषतः वयात येताना आणि विशीपर्यंत, नको असलेले सांधे काढून टाकले जातात. उरलेले त्यामुळे भक्कम होतात. कात्री चालवतात त्या मेंदूतल्याच सफाई करणाऱ्या पेशी. कुठला सांधा काढायचा, याची खूण करायला काही प्रथिनं मदत करतात. त्यातलं एक सी-फोर. शरीरात इतरत्र हेच प्रथिन जंतूंवर खूण करायचं काम करतं. २०१६ साली बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ज्यांच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या सी-फोर जनुकाचा प्रकार हे प्रथिन जास्त बनवतो, त्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा जास्त असतो. सी-फोरचा छाटणीत हात असतो, हे त्यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिलं. माणसात नेमकं असंच घडतं का, यावर काम चालू आहे. पण एक गोष्ट मला लख्ख दिसली. हा आजार बहुतेकदा पंधरा ते तीस या वयात उमटतो, म्हणजे छाटणीच्या हंगामात आणि त्याच्या मागोमाग. कात्री जरा जास्त चालली, राखायचे डोळेही गेले, असं काहीसं होत असावं.

मग तारा का बोलतात? मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन आहे. 'हे महत्त्वाचं आहे, इकडं लक्ष दे' असा इशारा ते देतं. हा धागा सापडायला आपल्याकडच्या सर्पगंधेनं हातभार लावला. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा मानसिक आजारावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम छापून प्रसिद्ध केला. त्याच मुळीतून काढलेलं रेझर्पिन स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. ज्यापासून मेंदूत डोपामाइन तयार होतं ते द्रव्य टोचल्यावर उठून बसले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. १९५२ पासून पॅरिसमध्ये वापरात आलेलं क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचं औषध आणि त्यानंतरची बहुतेक औषधं डोपामाइनचा इशारा घेणारी दारं अडवतात, हेही पुढे कळलं. या आजारात तो इशारा नको तिथं, नको तेवढा वाजतो. वाऱ्यानं मांडवाच्या तारा खरंच घुमतात, श्रोतेहो. आपण तो आवाज सोडून देतो. माझ्या भावाच्या मेंदूनं त्या दिवशी त्या घुमण्यावर 'महत्त्वाचं' असा शिक्का मारला, आणि मग त्या आवाजाला अर्थ शोधणं त्याला भाग पडलं. हे वाचलं तेव्हा, 'काय खुळ्यागत बोलतोस' म्हणून मी त्याच्यावर ओरडले होते, ते आठवलं.

जनुकांपलीकडचीही कारणं आहेत. हॉलंडात १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांत पुढे हा आजार जवळपास दुप्पट आढळला. घरात असा आजार असेल तर तरुण पोरांनी गांजाला शिवूही नये, कारण त्यानं धोका वाढतो. आणि कानात आवाज, उगीच संशय, झोप उडणं, पोर एकटं एकटं राहणं असं दिसलं, तर आमच्यासारखे आठ महिने घालवू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आमची आई २००९ साली गेली. तिच्याशी मी हेस्टन यांच्या ४७ मुलांबद्दल बोलले होते. तिनं निवडायला घेतलेलं ताट तसंच ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे मी काय केल्यामुळं न्हाई?" मी म्हटलं, नाही. ती बराच वेळ गप्प बसली.

भाऊ आता पन्नाशीच्या पुढे आहे. गोळी रोज घेतो. मधे दोनदा बंद केली, दोन्ही वेळा आजार उलटला. बागेतलं काम करतो, पण छाटणीच्या दिवसांत त्याला जास्त जपावं लागतं. या भाषणाचा कागद मी त्याला आधी वाचून दाखवला. तो म्हणाला, "अक्का, माझं नाव घेऊ नगंस. डोळ्यांचं तेवढं सांग, लोकांला कळंल."