खोट्या नाण्यांची चोरबोली

नमस्कार श्रोतेहो. नाणं दगडावर वाजवून घ्यायची आपली जुनी रीत. त्यातूनच 'खणखणीत नाणं' हा शब्द बोलण्यात आला. अठराव्या शतकातला लंडनचा दुकानदारही शिलिंग असाच वाजवून पाहायचा. त्याला फसवणाऱ्यांनी मात्र स्वतःची एक बोलीच तयार केली होती.

त्या बोलीत 'क्विअर' म्हणजे खोटं आणि 'कोल' म्हणजे पैसा. नाणी पाडणारा 'क्विअर कोल मेकर', ती घेऊन पुढे खपवणारा 'क्विअर कोल फेन्सर'. प्रत्यक्ष दुकानात जाऊन नाणं चालवणारा तो 'स्मॅशर'. त्याही आधी, सोळाव्या शतकात, खोट्या शिक्क्यांचे परवाने करून देणाऱ्याला 'जार्कमन' म्हणत. 'जार्क' म्हणजे मोहोर.

स्मॅशरची एक युक्ती ऐका. तो खरं, मोठं नाणं देऊन किरकोळ काही घ्यायचा. सुटे शिलिंग हातात पडले की खरे बाहीत सरकवायचा, खोटे पुढे करायचा आणि म्हणायचा, "अहो, हे वाजत नाहीत, बदलून द्या." दुकानदार ओशाळून आणखी खरे शिलिंग मोजायचा. याला नाव होतं 'रिंगिंग द चेंजेस'. चर्चच्या घंटा क्रम पालटून वाजवतात, तिथला हा शब्द. आणि 'चेंज' म्हणजे सुटे पैसेही! मला तर हा त्या बोलीतला सगळ्यात हुशार शब्द वाटतो.

पण ही बोली बोलणाऱ्यांच्या डोक्यावर फास लटकत असे. खोटी नाणी पाडणं हा राजद्रोह होता. 1789 साली कॅथरीन मर्फीला न्यूगेट तुरुंगाबाहेर आधी गळफास दिला, मग तिचा देह जाळला. नवरा त्याच दिवशी फाशी गेला. जाळण्याची शिक्षा पुढच्याच वर्षी रद्द झाली.

1797 मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक-दोन पौंडांच्या नोटा काढल्या. एका बाजूला काळी छपाई, नक्कल अगदी सोपी. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्या हातीही त्या आल्या. चोरबोलीत नोटेला 'स्क्रीन' म्हणत, म्हणून खोटी नोट झाली 'क्विअर स्क्रीन'. 1821 पर्यंत खोट्या नोटांपायी 300 हून अधिक माणसं फासावर गेली. बहुतेक नोट छापणारे नव्हतेच, चालवणारे होते. छापणारा पडद्याआड राहायचा; गल्ल्यासमोर उभा असायचा तो स्मॅशर, आणि शिपायाचा हात पडायचा त्याच्याच खांद्यावर.