फुंकर मारलेली कॅसेट

(पडदा काळा. जोराच्या फुंकरीचा आवाज. मग 'खट्'.)

हा आवाज ओळखलात ना? मग तुमचं बालपण नव्वदच्या दशकातलं. टीव्हीवर मुंग्या आल्या की व्हिडिओ गेमची कॅसेट उपसायची, खालच्या फटीत फुंकायचं आणि दाबून परत बसवायची. चालायची! फुंकरीमुळे नव्हे बरं का. काढून पुन्हा घातली की आतल्या पिना नीट जुळायच्या, एवढंच. आपल्या फुंकरीतला ओलावा उलट त्या पिना गंजवत होता. अर्थात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मूळ यंत्र जपानचं, निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर, १९८३ सालचा. आपल्याकडे आली ती बहुतेक तैवान नाहीतर चीनमध्ये बनलेली त्याची नक्कल. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९९९ इन १', आत मोजके चार-सहा गेम, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. आमचं यंत्र मामाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पिक्चर ट्यूब जाईल हं!" ती काही गेली नाही.

ज्यांच्या घरी नव्हतं, ते व्हिडिओ गेम पार्लरला जायचे. तिथे 'कॉन्ट्रा' या गोळीबाराच्या गेमचा मंत्र कानोकानी फिरायचा: वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. तीनऐवजी तीस लाईफ! पाढे न येणाऱ्यालाही हा क्रम तोंडपाठ. काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरने तो पहिल्यांदा १९८६ साली 'ग्रेडियस'मध्ये घातला, कारण तो गेम त्याला स्वतःलाच जड जात होता.

(पडद्यावर 'सुपर मारिओ ब्रदर्स', पहिली लेव्हल, १-१.)

आता इथे जरा थांबू. १९८५ चा हा गेम. आमच्यापैकी कुणाकडे माहितीपुस्तिका नव्हती, आणि असती तरी वाचणार कोण? तरी सगळ्यांना खेळता आला. तो कसा?

बघा, मारिओ डाव्या कडेला उभा आहे, तोंड उजवीकडे. पुढे सगळं मोकळं, म्हणजे पाय आपोआप तिकडेच वळतात. समोरून एक तपकिरी, भुवया चढवलेला प्राणी येतो. धडकलात, मेलात. पण गेलं काय? चार पावलं. दुसऱ्या खेपेला उडी मारता. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा लुकलुकतोय, त्याला डोकं आपटलं की नाणं. पुढच्या ठोकळ्यातून अळंबी निघते. ती उजवीकडे घरंगळते, हिरव्या पाइपला आपटते आणि उलटी तुमच्याच अंगावर येते. घाबरून उडी मारावी, तर डोक्यावर विटा. अळंबी लागतेच, आणि मारिओ मोठा होतो. शत्रू कोण, मित्र कोण, हे एका शब्दाशिवाय कळलं.

पुढे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिलीच्या मधल्या फटीत जमीन आहे: पडलात तरी काही बिघडत नाही. दुसरीच्या फटीत मात्र खोल खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी या लेव्हल आधी आलेखाच्या कागदावर काढल्या होत्या. सगळा गेम बसला ४० केबीत. रोज येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो याहून जड असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्राचं केलं, रंग तेवढे वेगळे. नीट बघा. आता दर वेळी दिसणार!

मधेच गेम थांबवून 'सात आठं किती?' विचारणारे शैक्षणिक गेम मला म्हणूनच पटत नाहीत. पेढ्यात लपवलेली गोळी ती. पोरं पेढा खातात, गोळी थुंकतात. मारिओत शिकणं हाच खेळ आहे.

(माळ्यावरचा खोका. धूळ झटकली जाते.)

परवा ते यंत्र खाली काढलं. बदकं मारायची बंदूकही निघाली. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड शोधतो. गोळी बंदुकीतून सुटतच नाही, टीव्हीतून बंदुकीत येते! नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे बंदूक आंधळी झाली. नेम चुकला की हसणारा गेममधला कुत्रा तेवढा अजून हसतो.

मारिओ मात्र चालला. सात वर्षांच्या भाच्याने आधी टीव्हीच्या काचेवरच बोट फिरवून पाहिलं. मग रिमोट हातात घेतला. मी तोंड शिवून बसलो.

पहिल्या प्राण्याला धडकला. मेला. पुन्हा. अळंबीपासून पळाला, ती लागलीच. "मामा, मी मोठा झालो!" पायऱ्यांच्या पहिल्या फटीत पडला, उडी मारून बाहेर आला. दुसऱ्या फटीत पडला, तो गेलाच.

पुन्हा तिथवर आला तेव्हा काठावर थांबला. खाली बघितलं. मग रिमोट घट्ट धरून दोन पावलं मागे गेला.