सूप विणण्याआधी

माहीम. रेल्वेच्या भिंतीपलीकडून लोकल जाताहेत, समोर सेनापती बापट मार्गाची रहदारी. मधल्या फुटपाथवर हिरव्या बांबूंचा भारा सुटलाय आणि टोपल्या-सुपं विणणाऱ्या मावशींनी सुरी हातात घेतलीय.

आता नुसते हात बघा. सुरी टोकाला वाट करून देते, पुढची चीर हातांनी ओढत न्यायची. पेर आलं की चीर एका अंगाला पळते, कांब, म्हणजे चिरून निघणारी पट्टी, निमुळती व्हायला लागते. मग जाड राहिलेली बाजू जरा जास्त वाकवायची, की चीर पुन्हा मध्यावर. हे चालू असताना मावशी गिऱ्हाइकाशी भाव बोलताहेत, कांबीकडे त्यांचं लक्षही नाही.

आतला मऊ गर तासून टाकायचा. वरची साल जपायची, सगळं बळ तिच्यात. मग कांबींवर पाणी मारायचं, कारण वाळली कांब वळणावर मोडते. बुरुडाचं खरं कसब या तयारीत आहे, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते फक्त विणलेल्या टोपलीचे.

टोपलीचं बूड बसलं. एकच कांब गोल फिरवत विणायची, तर उभ्या कांबी विषम लागतात. सम असल्या तर प्रत्येक फेरा आधीच्याच वाटेने जातो, वीण धरत नाही. म्हणून मावशींनी बुडाशी एक कांब मधोमध चिरून तिच्या दोन केल्या.

सूप मात्र चटईसारखं सपाट विणून तीन बाजूंनी उभं करतात, काठाला कामटी, म्हणजे बांबूची चपटी पट्टी, आवळतात. घरातलं पाखडणं थांबलं तरी सूप सुटलेलं नाही. भाद्रपदात गौरीच्या ओवशाला, म्हणजे सुपातून गौरीला वाण द्यायच्या रीतीला, कोकणातल्या घरांना ते हवंच. दिवाळीनंतर जुहूच्या किनाऱ्यावर छटपूजेला बायका सुपात फळं मांडून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात.

मासळीच्या पाट्यांची जागा प्लास्टिकच्या टबांनी घेतली. २०१८च्या प्लास्टिकबंदीचा रोख पिशव्या आणि थर्माकोलवर होता, टब तसेच राहिले. फुटपाथवरून उठवलं की भारा उचलायचा. मावशींची मुलं या कामात नाहीत.

ओवशाची सुपं हवी असतील तर गौरीच्या पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. ऐन सणात बाजारात येतं ते बरंचसं घाईचं काम असतं. आधी सांगितलं तर मावशी सालीच्या कांबी निवडून, काठाला दुहेरी कामटी घालून देतात.