चाळणीला न कळणारे खडे

श्रोतेहो, मुलांना आंतरजालावरील अयोग्य मजकूर ओळखायला कसे शिकवावे, हा आजचा विषय माझ्या मते ‘निवडणे’ या एका क्रियापदात मावतो. तांदळाएवढाच खडा कितीही चाळले तरी तांदळातच राहतो. त्यासाठी तांदूळ ताटात पसरून बोटे फिरवावी लागतात. आपण मात्र चाळणी विकत घेऊन निश्चिंत झालो आहोत.

मी विज्ञान शिकवत होतो त्या शाळेने (नाव सांगत नाही, कारण तिचे फाटक आजही माझ्या घरासमोरच आहे) संगणककक्षात अयोग्य मजकूर अडवणारी यंत्रणा मोठ्या समारंभाने बसवली. दुसऱ्याच आठवड्यात मी सातवीच्या मुलांना ‘सस्तन प्राणी’ शोधायला सांगितले आणि पंचवीस पडद्यांवर एकदम लाल पाटी झळकली. गाय, देवमासा, वटवाघूळ, सारेच अश्लील ठरले. मी रीतसर अर्ज केला. तीन आठवड्यांनी, शक्य असल्यास धड्याचा विषय बदलावा, असे लेखी उत्तर आले. निसर्गाला तसे कळवण्याची व्यवस्था माझ्याकडे नव्हती. त्याच पडद्याच्या कडेला रमीची जाहिरात मात्र सुखाने नाचत होती. अखेर एका मुलीने इंग्रजीत ‘मॅमल’ असे लिहून पाहिले आणि पान उघडले. त्या दिवशी माझ्या वर्गाने एवढेच शिकून घेतले की मराठीत जे अश्लील असते, ते इंग्रजीत विज्ञान असते. हा आपल्याच नशिबाचा भोग आहे असे समजू नका. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना 1996 मध्ये एओएल या आंतरजाल-सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावातील चार अक्षरे यंत्राला खटकली. कोणती, ते मी येथे सांगणार नाही. संयोजकांनी मला पुन्हा बोलवावे अशी माझी इच्छा आहे.

यंत्र शब्द पाहते, आणि सर्वांत घातक मजकुरात वाईट शब्द असतोच असे नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेली, मूल पळवल्याचे दाखवणारी एक चित्रफीत कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीचा शेवट कापून बनवलेली होती. तिच्यात ना शिवी होती ना नग्नता, आणि ती पुढे पाठवणारे हात बहुतेक मोठ्यांचेच होते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जी पद्धत सांगायला आलो ती आता धावतच सांगतो. आठवड्यातून एकदा मुलाच्या शेजारी बसून त्याच्याच आवडीची एखादी चित्रफीत पाहावी आणि ही कोणी बनवली, आधीचे-नंतरचे काय कापले असेल आणि पाहून झाल्यावर आपण पैसे द्यावेत, चिडावे की पुढे पाठवावे अशी तिची अपेक्षा आहे, हे त्यालाच विचारावे. उत्तर आपण देऊ नये. ‘हे घरी सांगू नकोस’ असे जो सांगतो, तो हमखास खडा, एवढे मात्र स्पष्ट सांगावे. वयात येणाऱ्या मुलांशी शरीराविषयी आपण सरळ बोललो नाही, तर ते काम अश्लील चित्रफिती करतात. मुलाने काही भलते पाहिल्याचे आपणहून सांगितले, तर फोन काढून घेऊ नये, कारण पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. प्रसंग गंभीर असेल तर 1098 या बालमदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवावे. आणि लहान मुलांचे लैंगिक चित्रण हाती आले, तर ते पुरावा म्हणून कोणालाही पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार ते नुसते फोनवर उतरवून (डाउनलोड करून) घेणे हाही गुन्हा आहे, आणि ‘बघा, काय चालले आहे’ म्हणत पालकांच्या गटावर ते टाकणारा सज्जन बापही त्यात सापडू शकतो.