बनोशाची शकुंतला

(दृश्य: गाडी चालू असतानाचं जुनं चित्रण. इंजिन फाटकाच्या अलीकडे उभं.)

गाडी थांबली, पण हे काही स्टेशन नाही. पुढं फाटक आहे आणि फाटकवाला नाही. आता बघा. गाडीतल्याच कर्मचाऱ्यांपैकी एक जण खाली उतरतो, बंड्या-फटफट्या अडवतो, फाटक लावतो. डबे पलीकडे गेले की गाडी पुन्हा उभी. फाटक उघडून तो गडी पळत येतो, दांडा धरून वर चढतो. निघाली शकुंतला! तिकिटं फाडायची हीच मंडळी, इंजिन जोडायची-सोडायचीही हीच.

मूर्तिजापूर ते अचलपूर, 76 किलोमीटर. लागायचे चार तास. घाईचा माणूस एसटीनं जायचा. शकुंतलेत बसायचा तो टोपलीवाला आणि पैसे मोजून घरून निघालेला.

(दृश्य: रूळ, जवळून.)

दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस न्यायला किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीनं हा मार्ग टाकला. मूर्तिजापूरला गठाणी उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत चढवायच्या. छोट्या रुळावरचा डबा मोठ्या रुळावर जाणार कसा? तिथून मुंबई, मुंबईहून बोटीनं मँचेस्टर. गाडी ओढणारं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. कोळसा खात ते 1994 च्या एप्रिलपर्यंत चाललं. मग डिझेल आलं.

देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या. ही मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालवणार सरकार, मालक तिसराच. मग रूळ कोणी बदलायचे? ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

(दृश्य: बनोसा स्टेशन.)

बनोसा म्हणजे दर्यापूरचं स्टेशन. पुढं कापूसतळणी, नावातच कापूस असलेलं. त्याच्यापुढं अंजनगाव: तिथली विड्याची पानं, तिथली औषधी पानपिंपळी. खारपाणपट्ट्यातून, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं अशा भागातून, निघालेली गाडी बागायतीत शिरायची ती इथंच.

गेल्या दशकात आधी मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी दुसरी शकुंतला, मग ही अचलपूरची गाडीही थांबली. पोरं आता ऑटोत दाटीवाटीनं कॉलेजला जातात, टोपलीचे वेगळे पैसे पडतात.

ब्रॉडगेजची घोषणा होऊन गेली. इथल्या माणसांचं म्हणणं सोपं आहे: मोठी गाडी येईल तेव्हा येईल, तोवर आहे त्या रुळावर छोटी चालू करा.