दोन वर मागणारी आई

[दृश्य: तुळशीबाग, सायंकाळची गर्दी. कॅमेरा दुकानांवरून राममंदिराच्या शिखराकडे.]

बांगड्या, पिना, भातुकलीची पितळी भांडी. या सगळ्या दुकानांच्या मधोमध पेशवाईतलं राममंदिर आहे. आत राम, सीता, लक्ष्मण. ज्या राणीमुळे हे तिघं वनात गेले, तिला इथे जागा नाही. तिचं नाव निघतं ते घरातल्या भांडणात, शिवीसारखं.

[दृश्य: सदाशिव पेठ, तालमीची खोली. कैकेयीला शालू नेसवला जातोय.]

एका महिला मंडळाची तालीम चालू आहे. हिरवा शालू, खोपा, नथ. अयोध्येच्या राणीला नथ कशाला, असं पुण्यात कुणी विचारत नाही. दशरथाच्या मिशा गोंदाने चिकटवल्यात, पण संवाद म्हणताना एक टोक सारखं सुटतं. प्रवेश आहे कोपभवनाचा. कैकेयी कंठा काढून भिरकावते, बाजूबंद काढून भिरकावते. विंगेतून आवाज येतो, "ताई, हळू टाका, भाड्याचे आहेत!" सगळे दागिने वेचायचे, परत घालायचे, परत भिरकवायचे.

[दृश्य: जुना टीव्ही संच, शोकेसमध्ये.]

या सगळ्याजणींच्या डोळ्यांपुढे कैकेयी एकच आहे, दूरदर्शनवरची. २५ जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं आणि रस्ते ओस पडायचे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ते पुन्हा लागलं, तेव्हा नातवंडांनीही पाहिलं. पद्मा खन्ना कैकेयी, ललिता पवार मंथरा. ललिताबाईंचा तो बारीक झालेला डोळा आणि कानाशी चाललेली कुजबुज पाहिली, की अर्धा गुन्हा दासीच्या नावावर जमा होतो. राणी भोळी, कान भरणारी वाईट. मला ही पळवाट वाटते. कैकेयीपाशी स्वतःची कारणं होती, आणि ती वाल्मीकींच्या अयोध्याकांडातच लिहिलेली आहेत.

[दृश्य: पोथीची पानं, बोट ओळीवरून फिरतंय.]

शंबरासुराशी झालेल्या युद्धात दशरथ घायाळ होऊन बेशुद्ध पडला. त्याला रणातून बाहेर काढून वाचवलं ते कैकेयीने. दोन वर मिळाले ते त्याबद्दल, आणि तिने ते राखून ठेवले. रामाचा अभिषेक ठरल्याचं कळलं तेव्हा ती आधी आनंदली. बातमी आणणाऱ्या मंथरेला तिने दागिना दिला. मग भीती शिरली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. भरत आजोळी होता, आणि दशरथ स्वतः रामाला सांगतो, भरत बाहेर आहे तोवरच अभिषेक उरकलेला बरा. घाई इतकी की कैकेयीच्या माहेरी निरोपही गेला नाही. पुढे चित्रकूटावर खुद्द राम भरताला सांगतो, की लग्नाच्या वेळी आपल्या वडिलांनी तुझ्या आजोबांना राज्याचा शब्द दिला होता. म्हणजे पहिला वर ती मागते, तेव्हा एका अर्थी जुनंच देणं मागते.

[दृश्य: आकाशवाणी पुणे केंद्राची इमारत, बाहेरून.]

पुण्याने तिची बाजू ऐकलेली आहे. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, या केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांनी छप्पन्न गीतांत एक कैकेयीला दिलं, 'मोडु नका वचनास'. पुढे भरत तिला 'माता न तूं वैरिणी' म्हणतो, आणि त्याच भरताची समजूत घालताना राम आईला निर्दोष ठरवतो. भरताच्या तोंडचं ते वाक्य घरोघर पाठ आहे. रामाचा निवाडा आपण चाल म्हणून गुणगुणतो, एवढंच.

[दृश्य: पुन्हा तालीम. दशरथ जमिनीवर कोसळतो.]

दुसरा वर, रामाचा चौदा वर्षांचा वनवास, मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. तो मागितला, राजा गेला, आणि ज्या मुलासाठी मागितलं त्याने राज्य नाकारलं.

[दृश्य: चहाचे कप, संहितेची पानं.]

अयोध्याकांडात आणखी एक प्रसंग आहे. भरद्वाजांच्या आश्रमात भरत तिन्ही मातांची ओळख करून देतो. कैकेयीपाशी येताच त्याचा तोल जातो. भरद्वाज म्हणतात, तिला दोष देऊ नकोस, रामाच्या वनवासातून पुढे भलंच होणार आहे. या नाटकात तो प्रवेश नाही. मिशांनीच एवढा छळ मांडल्यावर ऋषीची दाढी लावायला मंडळातलं कुणी तयार होईना.