आवाजाचा राजा क्लॉड रेन्स

श्रोतेहो, नमस्कार. १९३३ साली हॉलिवूडमध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ नावाचा चित्रपट आला. त्यातला नायक अदृश्य. कधी तोंडाला बँडेज गुंडाळलेलं, कधी नुसते कपडे हलताना दिसायचे. नटाचा चेहरा दिसतो तो अगदी शेवटी, क्षणभर. तोवर सगळा चित्रपट पेलला तो एका आवाजानं. हा आवाज क्लॉड रेन्स यांचा. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि हॉलिवूडमधला त्यांचा हा पहिलाच चित्रपट होता.

हा आवाज त्यांना जन्मजात लाभलेला नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. १८८९ साली लंडनमधल्या गरीब घरात जन्मलेल्या या मुलाची जीभ अडखळायची, ‘र’ नीट उच्चारता यायचा नाही आणि बोलणं ठसठशीत कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगार वस्तीतल्या वळणाचं. लहान वयातच तो नाटक कंपनीत पडेल ते काम करू लागला. तिथले मोठे नट-निर्माते सर हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी त्याच्यातली चमक ओळखली आणि स्वतःच्या खिशातून पैसे देऊन त्याला उच्चार शिकायला लावलं. पुढे हाच मुलगा लंडनच्या प्रसिद्ध नाट्यशाळेत शिक्षक झाला. पुढे नामवंत नट झालेले जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्यांचे विद्यार्थी!

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. फ्रान्समध्ये विषारी वायूच्या हल्ल्यात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पडद्यावर त्यांना पाहताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

‘कासाब्लांका’ चित्रपटातला त्यांचा पोलीस कप्तान रेनो बहुतेकांना आठवत असेल. लाच खाणारा, वारा येईल तशी पाठ फिरवणारा, तरी हवाहवासा वाटणारा. शेवटी तो पेल्यात पाणी ओततो, बाटलीवर ‘व्हिशी’ हे नाव वाचतो, बाटली कचऱ्याच्या टोपलीत टाकतो आणि टोपलीला लाथ मारतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपुढे वाकलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारशी त्याचं नातं तिथेच तुटतं, आणि त्यासाठी त्याला भाषण करावं लागत नाही.

मला मात्र त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘नोटोरियस’मधलं, १९४६ सालचं. भूमिका नाझी कारस्थान्याची, बायको अमेरिकेची हेर आहे हे कळल्यावर तिला विष घालणाऱ्या माणसाची. पण तो तिच्यावर मनापासून प्रेम करतो, आईच्या धाकात असतो, मत्सरानं जळतो. शेवटी नायक तिला घेऊन गाडीत बसतो. हा ‘मलाही घ्या’ म्हणून विनवतो, पण दार उघडत नाही. मागे पायऱ्यांवर त्याचे साथीदार उभे असतात, त्यांना सगळं उमगलेलं असतं. तो वळतो आणि पायऱ्या चढू लागतो. त्या पाठमोऱ्या माणसाची आपल्याला दया येते. खलनायकासाठी जीव कासावीस करायला लावणं फार थोड्यांना जमलं आहे.

साहाय्यक अभिनेता म्हणून चारदा ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. हा अन्यायच, असं माझं ठाम मत आहे. रंगभूमीनं मात्र १९५१ साली टोनी पुरस्कार दिला. सहा लग्नं झाली. पेनसिल्व्हेनियात त्यांनी शेत घेतलं होतं, त्यावर त्यांचा फार जीव. १९६२च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त ते पुन्हा दिसले, मुरलेल्या इंग्रज मुत्सद्द्याच्या भूमिकेत. १९६७ साली ते गेले.

त्यांचं एकही काम पाहिलं नसेल, तर सुरुवात ‘नोटोरियस’पासून करा. आणि एकदा पडद्याकडे न बघता नुसते त्यांचे संवाद ऐका. नमस्कार.